किंड ऑफ ब्लूची जुनी कॉपी घेऊ का? पहिली बाजू चढी वाजते म्हणतात

सीवूड्सची_सुई
नमस्कार मंडळी, इथे नवीन आहे. दिवाळीत टर्नटेबल घेतला आणि तेव्हापासून घरात जॅझशिवाय काही वाजतच नाही. नौपाड्यात एक काका मुलाकडे परदेशात कायमचे चाललेत म्हणून संग्रह काढतायत, त्यांच्याकडे जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या किंड ऑफ ब्लू या अल्बमची अमेरिकन कॉपी आहे, कोलंबिया कंपनीचं लाल लेबल, आणि नवीन सीलबंद रीइश्यू (नव्याने छापलेली कॉपी) जेवढ्याला मिळतो त्याहून थोडे जास्तच मागतायत. मला मनातून जुनीच हवीय, पण कुठेतरी वाचलं की जुन्या कॉप्यांमध्ये पहिली बाजू चुकीच्या स्पीडला आहे?? खरंय का, आणि कानाला कळतं का ते? शिवाय ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डची एक पेटी आहे, डान्स बँड वगैरे, ती ते तशीच देतो म्हणाले पण सगळ्यावर पांढरी बुरशी धरलीय. घेऊ का?

पाचपाखाडी_पेटीवाला
खरंय. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत पहिलं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, आणि हळू फिरलेली टेप नीट स्पीडला वाजवली की सूर चढणारच. त्या दिवशीची सो व्हॉट, फ्रेडी फ्रीलोडर, ब्लू इन ग्रीन ही तिन्ही पहिल्या बाजूला आहेत. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती व्यवस्थित आहे. नशीब असं की राखीव म्हणून दुसरं मशीनही चालू होतं आणि त्याची टेप बरोबर होती, ती १९९२ च्या सीडीला पहिल्यांदा वापरली, नंतरच्या बहुतेक रीइश्यूंमध्ये सूर दुरुस्त केलेलाच मिळतो.

कानाला कळतं का हे बघायचं तर घरात हार्मोनियम असेल तर ती काढा. सो व्हॉट पांढरी दोनवर आहे, १६ बार (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन) तिथे, मग ८ बार सगळं जसंच्या तसं अर्धा सूर वर, काळी दोनवर, आणि परत ८ बार पांढरी दोनवर. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे काफी थाटाचे स्वर. जॅझमध्ये तेव्हा दर एक-दोन बारला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलायची सवय होती आणि इथे माइल्स एका सप्तकावर आठ-आठ बार ठिय्या देऊन बसतो, आपल्याकडे आलाप ऐकलेल्या माणसाला हे लगेच आपलंसं वाटतं, मला तरी वाटलं. जुन्या कॉपीबरोबर वाजवायला गेलात तर हार्मोनियम उतरी लागेल. पण आधी टर्नटेबलचाच स्पीड स्ट्रोब डिस्क (स्पीड बघायची रेघांची चकती) ठेवून तपासा, नाहीतर दोष भलत्याच्या माथी जाईल.

नुसतं ऐकायचं असेल तर अडत काही नाही हो. तीसहून जास्त वर्षं जगाने चढीच ऐकली आणि तिच्यावरच जीव लावला. साथीला बसायचं असेल तर मात्र नवीनच घ्या.

वाशी_रनआउट
नव्यापेक्षा जास्त पैसे लाल लेबलला देऊ नका. ते १९७० पासूनचं प्रेसिंग, म्हणजे छाप. पहिल्या छापाच्या लेबलवर कडेने डोळ्यासारख्या सहा खुणा असतात, १९६२ पर्यंत तेच, मग दोन डोळ्यांचं, ‘३६० साउंड’ लिहिलेलं, त्यानंतर लाल. माल वाईट नाही, पण दुर्मिळ पण नाही. निम्म्या भावाला देत असतील तर बघा.

बघायला जाताना टॉर्च न्या आणि रेकॉर्ड तिरकी धरून उजेड पाडा. केसासारख्या रेघा बहुतेक वेळा वाजताना ऐकू येत नाहीत, नखाला लागणारा ओरखडा येतो. शक्य असेल तर ब्लू इन ग्रीन वाजवून घ्या, इतकं शांत आहे की खरखर असेल तर तिथे लपत नाही.

बुरशी एलपीवर असेल तर डिस्टिल्ड वॉटर, मऊ मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेने. आतलं कागदी कव्हर टाकून द्या, पावसाळ्यात ओल तेच धरून ठेवतं, नवीन पॉलिथिनचं घाला आणि उभ्या ठेवा. ७८ च्या रेकॉर्ड शेलॅकच्या (लाखेच्या) असतात, त्यांना अल्कोहोल अजिबात नको, शेलॅक त्यात विरघळतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच क्लीनरमध्ये ते असतं म्हणून बाटली वाचा. आणि तुमच्या एलपीच्या सुईवर त्या वाजवू नका, एलपीची सुई ०.७ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, ७८ ला साधारण ३ मिलची लागते, वेगळी स्टायलस घ्यावी लागेल.

कोपरी_स्विंग
ताई, एलपीचं काय ते ठरवा पण पेटी सोडू नका! लेबलं एकेक करून वाचा, टेडी वेदरफोर्डचं नाव दिसलं तर ती रेकॉर्ड पहिली बाजूला काढा. शिकागो गाजवलेला पियानिस्ट, तीसच्या दशकात आपल्या मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये वाजवायचा, पुढे कलकत्त्याला गेला, तिथे कोलंबियासाठी रेकॉर्डिंग केलं आणि १९४५ मध्ये कॉलऱ्याने तिथेच वारला. चिक चॉकलेट किंवा मिकी कोरिया या आपल्याकडच्या जॅझवाल्यांचं नाव असेल तरी तेच. मिकी कोरियाने ताजमधला बँड १९३९ ते १९६० सांभाळला. चिक चॉकलेटचा ट्रम्पेट तर तुम्ही नाव माहीत नसताना ऐकलेला आहे, अण्णांचा म्हणजे सी. रामचंद्रांचा तो सहायक होता आणि भगवानदादांच्या अलबेलामध्ये बँडसकट पडद्यावर दिसतो. किंड ऑफ ब्लू तुम्हाला उद्याही मिळेल, परवाही मिळेल, ती कधी बंद होणार नाही. या मुंबई-कलकत्त्याच्या रेकॉर्ड पुन्हा फारशा कोणी छापत बसणार नाही, बहुतेक ज्या आहेत त्या असल्याच पेट्यांमध्ये.

आणि रेकॉर्ड राहिली नाही की काय होतं ते अमेरिकेतच झालंय. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद पाडलं, मोठ्या दोन कंपन्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणलं, आणि नेमक्या त्याच काळात पियानिस्ट अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी एकत्र बसून बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवत होते. ते दोघे असतानाची त्या बँडची स्टुडिओ रेकॉर्ड एकही नाही. मला याची अजून हळहळ वाटते.

सीवूड्सची_सुई
बापरे, पेटीत वेदरफोर्डच्या नावाचं लेबल आहे का ते विचारायला आत्ताच फोन केला, काका म्हणाले टेडी नावाची दोन-तीन आहेत, आडनाव चष्मा लावून सांगतो!! शनिवारी जातेय. एलपीचं निम्म्या भावाला विचारते, नाही म्हणाले तर नवीन घेईन, घरी हार्मोनियम आहेच आणि बाबांना काफी सांगितलं तर ते बसतीलच वाजवायला. ३ मिलची सुई ठाण्यात कुठे मिळेल का?

वाशी_रनआउट
आधी काट्रिजचं (सुई जिथे बसते त्या भागाचं) मॉडेल टाका इथे. काहींना ७८ ची स्टायलस नुसती अडकवता येते, काहींना काट्रिजच बदलावं लागतं. आणि पेटी आणताना रेकॉर्ड आडव्या रचू नका, खालची तडकते, उभ्या आणा, मध्ये वर्तमानपत्र.

कोपरी_स्विंग
स्टेशनपासून लांब नाही मी, रिक्षापर्यंत उचलायला येतो. दहा इंची शेलॅक पेटीभर म्हणजे चांगलीच जड असते.