मदत हवी आहे: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला रात्री फोनचा उजेड सोसत नाही

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते. आई ७२ वर्षांची आहे. फेब्रुवारीत तिच्या एका डोळ्याचं आणि मार्चमध्ये दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य, "अगं, ही भिंत पांढरी आहे? मला तर पिवळीच दिसायची!"

डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड बराचसा अडवतं. नवीन भिंग स्वच्छ, त्यामुळे तो आता सरळ आत जातो. (पिवळसर छटेची भिंगंही मिळतात, आईला साधी बसवली आहेत.) डोळे तपासून झाले, सगळं ठीक आहे. पण रात्री फोन हातात घेतला की तिला टोचतो, आणि झोप एक-दीडपर्यंत येत नाही.

फोन काढून घ्या, असं कृपा करून सांगू नका. पोथी ती फोनवरच वाचते, कारण अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आणि भाऊ न्यू जर्सीला असतो. आपल्याकडे रात्री साडेदहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे सध्या दुपारचा एक, तेवढाच वेळ त्याला मिळतो. त्या फोनची ती दिवसभर वाट बघते.

अँड्रॉइड फोन आहे. नाईट लाईट (पडदा पिवळसर करणारी सोय) सूर्यास्तापासून आपोआप लागतो, त्याची तीव्रता पूर्ण वाढवली आहे. डार्क मोडही केला. तरी पोथीचं पान पांढरंच राहतं. चष्म्याच्या दुकानात 'ब्लू कट', म्हणजे निळा उजेड अडवणारी काच घ्या म्हणतात. घ्यावी का?

प्रतिसाद १
ताई, साधी पारदर्शक ब्लू कट काच निळ्या उजेडाचा थोडाच भाग अडवते. झोपेसाठी त्यावर खर्च करू नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'एक्स्ट्रा डिम' बघा, अँड्रॉइड १२ पासून आहे. ब्राइटनेस तळाला नेल्यावरही त्याने आणखी खाली जाता येतं. आणि पोथी ज्या ॲपमध्ये आहे त्यात काळं पान, नारिंगी अक्षर असं करता येतं का ते पाहा. नुसत्या डार्क मोडने पीडीएफचं पान बदलत नाही.

प्रतिसाद २
खोलीत दिवा कोणता आहे? आपल्या घरांत बहुतेक ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर) पांढरी ट्यूब असते, तिच्यातही निळा भाग भरपूर. मेंदूला 'दिवस आहे' असं कळवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी साधारण ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात, मग तो फोनचा असो की ट्यूबचा. नऊनंतर २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावा, आईंच्या पाठीमागे, डोळ्यांवर येणार नाही असा. आणि सकाळी त्यांना अर्धा तास गच्चीत बसवा. दिवसाचा उजेड भरपूर मिळाला की रात्रीचा कमी बाधतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. ट्यूबचं डोक्यातच आलं नव्हतं, ती बरोबर तिच्या पलंगासमोर आहे! काल बल्ब बदलला, एक्स्ट्रा डिम लावलं. टोचणं कमी झालं म्हणाली. झोपेचं आठवडाभराने कळवते. पोथी पीडीएफच आहे, काळ्या पानावर वाचता येईल असं मराठी नीट दाखवणारं ॲप कोणी वापरत असेल तर नाव सांगा.