जिथे बारा वर्षे राहिलो, त्या पणजीत पाहुणा म्हणून जाताना

जुना मळेकर:
नमस्कार. १९९१ ते २००३ अशी बारा वर्षे मी पणजीच्या मळा या भागात, मारुती मंदिराच्या टेकडीखालच्या एका भाड्याच्या घरात राहिलो. पुढे नोकरीमुळे ठाण्याला आलो. नंतर लग्नकार्याच्या निमित्ताने फोंड्यापर्यंत दोनदा जाणे झाले, पण पणजीत मुक्काम असा घडलाच नाही. येत्या डिसेंबरात पत्नी आणि मुलगी यांच्यासह चार दिवस येत आहे. मुलीचा जन्म तिथलाच असला, तरी तिला त्यातले काहीही आठवत नाही. मुक्काम कुठे करावा, फिरण्यासाठी भाड्याची स्कूटर घ्यावी का आणि जुन्या घराचे दार ठोठवावे का, याबद्दल जाणकारांनी सांगावे. तिसरा प्रश्न खरा; पहिले दोन त्याच्या आडून विचारले आहेत.

बेतीकर:
आपण ठाण्याहून येणार असाल, तर कोकण रेल्वेने करमळीला उतरावे. पणजीसाठी तेच सोयीचे स्थानक आहे. विमानाने येणार असाल, तर तिकिटावर दाबोळी लिहिले आहे की मोपा, हे आधी पाहून घ्या, कारण २०२३ च्या जानेवारीपासून पेडण्यातल्या मोपाहूनही विमाने सुटतात आणि दोन्ही विमानतळ पणजीच्या विरुद्ध दिशांना आहेत. आपण गेलात तेव्हा मांडवीवर दोन समांतर पूल होते. २०१९ पासून वरून जाणारा तिसरा, अटल सेतू, झाला आहे. मुलीला मात्र पुलावरून न नेता पणजी-बेती फेरीबोटीने न्या. पायी चढणाऱ्याला तिकीट लागत नाही, आणि कॅसिनोची जहाजे नदीत किती जागा अडवून बसली आहेत, तेही तिथूनच नीट दिसते. मुक्कामासाठी मळा आणि फोंतेन्हास हा जुन्या घरांचा भाग मी सुचवणार नाही. तिथल्या रहिवाशांवर दारात उभे राहून छायाचित्रे काढू नका, असे फलक लावण्याची वेळ आली आहे.

काळी पाटी:
मी चौदा वर्षांनी परतलो तेव्हा स्कूटर भाड्याने घेतली होती, म्हणून अनुभवाने सांगतो. भाड्याच्या वाहनाची पाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. ज्या रस्त्यांवर मी जीए-०१ या गोव्याच्या क्रमांकाची स्वतःची स्कूटर डोळे मिटून चालवत असे, त्याच रस्त्यांवर पहिल्याच दिवशी दोनदा मला थांबवून परवाना विचारण्यात आला, आणि मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवताना कोणता शब्द उच्चारला असेल, हे मला ऐकू न येताही कळले, कारण पूर्वी तोच शब्द मी वापरत असे. दुसऱ्या दिवशी बाजारात बांगड्याच्या वांट्याचा भाव विचारला, तेव्हा बाईंनी हिंदीत उत्तर दिले. मी कोकणीत बोलल्यावर त्या हसल्या, पुढचे सगळे कोकणीत बोलल्या, पण भाव एका रुपयानेही उतरला नाही. तिसऱ्या दिवशी स्कूटर परत केली आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने व पायी फिरलो. एकट्याला लांब जायचे असले, तर पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी चालवणारा, अजूनही मिळतो. जुन्या घराचे म्हणाल, तर मी दार ठोठावले नाही. बाहेरून पाहिले, माझी खिडकी असलेल्या जागी वातानुकूलन यंत्र बसवलेले होते. तेवढे पुरले.

फोंडेकर बाई:
वरील मताशी मी सहमत नाही. बारा वर्षांचा भाडेकरू घराबाहेरून पाहून परत गेला, हे नंतर कळले, तर त्या घरच्यांना वाईट वाटेल. मात्र थेट दाराशी जाऊ नका. कोपऱ्यावरच्या पोसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, आधी चौकशी करा. घरमालक हयात आहेत का, घर विकले गेले का, मुले बाहेरगावी गेली का, हे तिथे न विचारताही कळते. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी मुळीच जाऊ नये, हे आपल्याला सांगायला नको.

जुना मळेकर:
सर्वांचे आभार. स्कूटर रद्द केली, करमळीची तिकिटे काढली आणि मुक्काम पणजीतल्याच आल्तिनो टेकडीवर ठरवला आहे. फोंडेकर बाईंचा सल्ला पटला, पण त्यात एक अडचण आहे. सामान ट्रकमध्ये चढवण्याच्या गडबडीत त्या पोसऱ्यावरची शेवटच्या महिन्याची उधारी द्यायची राहून गेली होती, आणि पत्नीच्या मते ती सत्तर रुपये होती, तर माझ्या आठवणीप्रमाणे एकशे दहा. दुकान चालू असेल, तर वहीत काय लिहिले आहे, ते आधी पाहावे लागेल.