लंडन: अँजेला बर्डेट-कूट्सच्या खुणा एका रविवारी कशा पाहाव्यात? (दोघींचे मिळून २५ पाउंड)

शेवंती
आई भारतातून आली आहे. तिला अँजेला बर्डेट-कूट्सबद्दल (१८१४–१९०६) फार आस्था. १८३७ मध्ये सावत्र आजीकडून सुमारे १८ लाख पाउंड मिळाले आणि बाईने आयुष्यभर ते चर्च, शाळा, गरिबांची घरे यांत घातले. तिच्याशी निगडित जागा एका रविवारी दाखवायच्या आहेत. पॅडिंग्टनहून निघणार. प्रवास, खाणे सगळे धरून २५ पाउंड. आईचे गुडघे दुखतात, सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालणे नको, जिने नकोत. काय घ्यावे, काय सोडावे?

नाना_क्रॉयडन
वेस्टमिन्स्टर ॲबे. दुसरा विचारच नको. ५ जानेवारी १९०७ ला तिथे दफन झाले, पश्चिम दरवाज्याजवळ. तिकीट माणशी तीस पाउंडांच्या आसपास, पण पैसे वसूल होतात.

बाराखडी
नाना, दोघींचे मिळून २५ आहेत. शिवाय रविवारी ॲबे पर्यटकांना बंद, फक्त उपासनेला उघडते. उपासनेला पैसे लागत नाहीत, पण मध्ये फिरू देत नाहीत. दुपारच्या उपासनेला बसून नंतर पश्चिम दरवाज्याने बाहेर पडलात तर जाताजाता फरशीकडे लक्ष ठेवा. वेळ आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा, खास कार्यक्रम असला की बदलते.

गोधडी
कोलंबिया रोड! १८६९ मध्ये बाईने तिथे प्रचंड मोठा गॉथिक बाजार बांधला. खर्च सुमारे दोन लाख पाउंड, वास्तुरचनाकार हेन्री डार्बिशर. रविवारी तिथे फुलबाजार असतो, सुंदर दिसतो.

वामन_ईस्टहॅम
फुलबाजार सुंदर, पण बर्डेट-कूट्सचा बाजार १९५८ ते ६० मध्ये पाडला. उरले ते काही लोखंडी कठडे, नर्सरी शाळेच्या बाजूला. रविवारी दहानंतर रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका. कठडेच पाहायचे तर सकाळी आठला पोहोचा. तो बाजार का बुडाला हे मात्र आईंना जरूर सांगा: फेरीवाल्यांना रस्त्यावरच धंदा परवडत होता, घाऊक व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली आणि माल आणायला रेल्वेचा फाटा नव्हता. छप्पर बांधून दिले म्हणजे बाजार भरतो असे नाही.

गोधडी
कठडे तरी आहेत ना. मी म्हणते तेच.

रेवा_७
ओल्ड सेंट पँक्रस चर्चची बाग. सेंट पँक्रस स्टेशनच्या मागे, पँक्रस रोडने दहा मिनिटे. बाईने उभारलेले सूर्यघड्याळ-स्मारक (१८७९) तिथे उभे आहे. रेल्वेसाठी कबरी हलवल्या गेल्या, त्यांतल्या लोकांची नावे त्यावर कोरली आहेत. फुकट, बाके आहेत. पॅडिंग्टनहून २०५ नंबरची बस, जिने नाहीत. वास्तुरचनाकार सर जॉन सोन यांची कबरही तिथेच. लाल टेलिफोन बूथचा घुमट तिच्यावरून सुचला. अंधार पडला की फाटक बंद होते, म्हणून आधी इथे.

नाना_क्रॉयडन
ॲबेनंतर हेही करता येईल.

कोकणी_इन_लेटन
व्हिक्टोरिया पार्कमधले पिण्याच्या पाण्याचे कारंजे! १८६२, पुन्हा डार्बिशरच. सहा हजार पाउंडांच्या वर खर्च झाला. त्या काळी ईस्ट एंडमध्ये पाण्याने पटकी पसरत होती, तेव्हा स्वच्छ पाणी फुकट देणे हे खरे दान. पार्काच्या पूर्व भागात आहे. ग्रोव्ह रोडवर २७७ नंबरच्या बसमधून उतरा. त्यासाठी ओल्ड स्ट्रीटला ५५ पकडून हॅकनीकडे जायचे आणि तिथे २७७ घ्यायची. पहिल्या बसचे कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर वेगळे भाडे नाही. दिवसभर बसनेच फिरलात तर माणशी सव्वापाच पाउंडांच्या वर कापत नाहीत. तेच कार्ड वापरा, मध्येच फोनने पैसे देऊ नका, नाहीतर मशीन तो वेगळा प्रवासी धरते.

चार्वाक_एन१९
हायगेटला हॉली व्हिलेज (१८६५) आहे, स्वेन्स लेन आणि चेस्टर रोडच्या कोपऱ्यावर. कमानीवर बाईचे नाव आणि दोन स्त्रियांचे पुतळे. आत खाजगी घरे, बाहेरूनच पाहायचे. शेजारीच हायगेट स्मशानभूमी, तिथे मार्क्स. तिकीट काढा, आईंना आवडेल.

वामन_ईस्टहॅम
स्वेन्स लेन हा चढ आहे, आणि बर्डेट-कूट्सला मार्क्सशी काय देणेघेणे? ताईंनी अट स्पष्ट लिहिली आहे.

चार्वाक_एन१९
त्याच शहरात, त्याच काळात दोघे दारिद्र्याकडे पाहत होते. एकीने चर्चच्या मार्गाने, दुसऱ्याने पुस्तकातून. हाच तर खरा मुद्दा.

मीनल_एसई१
ही चर्चा इथे नको. मी ऑक्टेव्हिया हिल सुचवते: त्यांनी उभारलेली सदर्कमधली रेड क्रॉस गार्डन, १८८७. फुकट, सपाट जमीन. हिलबाई भाडे वसूल करत करत घरे सुधारायच्या, मालकाला पाच टक्के परतावा द्यायच्या. बर्डेट-कूट्स फक्त देत गेल्या. दोघींची तुलना होते.

बाराखडी
'फक्त देत गेल्या' हे बरोबर नाही, संस्थाही उभ्या केल्या. रोचेस्टर रो, वेस्टमिन्स्टरचे सेंट स्टीफन चर्च घ्या. १८४७ मध्ये पायाभरणी, १८५० मध्ये अभिषेक, वडील सर फ्रान्सिस बर्डेट यांच्या स्मरणार्थ. सोबत शाळा उभारली, ती आजही चालते. रविवारी उपासना संपल्यावर आत जाता येईल. गावाबाहेरचे पाहा तर केप टाउन, ॲडलेड, ब्रिटिश कोलंबियाच्या बिशपपदांना निधी तिनेच दिला. कोलंबिया रोडच्या नावातला कोलंबिया तोच.

रेवा_७
एक नंबर माहिती. आणि १८८१ मध्ये ६६ वर्षांची असताना अमेरिकेत जन्मलेल्या तरुण सचिवाशी लग्न केले, म्हणून सावत्र आजीच्या मृत्युपत्राच्या अटीमुळे उत्पन्नाचा मोठा हिस्सा गेला. हे आईंना सांगायला विसरू नका.

शेवंती
सगळ्यांचे आभार. बाईच्या पैशातून मुलींसाठी चाललेले घर, युरेनिया कॉटेज, कुणीच सुचवले नाही? शेफर्ड्स बुशला.

वामन_ईस्टहॅम
तिथे काहीही उरलेले नाही, म्हणून. लाईम ग्रोव्ह रस्ता आहे, नंतर तिथे स्टुडिओ झाले, तेही १९९३ मध्ये पाडले. बसचे पैसे वाया.

बाराखडी
खरे आहे. पण माहिती हवी असेल तर: नोव्हेंबर १८४७ मध्ये सुरू, पैसे तिचे, देखरेख चार्ल्स डिकन्स यांची. वेश्याव्यवसायातून किंवा तुरुंगातून आलेल्या मुलींना स्वयंपाक, शिवण, धुणे, वाचन शिकवून वसाहतींत पाठवायचे. वागणुकीचे गुण रोज नोंदले जायचे. कपडे रंगीत असावेत असा डिकन्स यांचा हट्ट होता, बाईंना साधे हवे होते. १८५३ पर्यंत ३० जणी परदेशी नोकरीला लागल्या, त्यांतल्या सातांची लग्ने झाली.

कोकणी_इन_लेटन
गोल्डहॉक रोड आणि शेफर्ड्स बुश मार्केट, दोन्ही स्टेशनांवर जिने आहेत. लिफ्ट वुड लेनला, तिथून बस. आणि तिथला बाजार रविवारी बंद असतो.

शेवंती
ठरले. रविवार सोडून शनिवारी जातो. सकाळी लाईम ग्रोव्ह, मग बाजारात दुपारचे जेवण, मग पॅडिंग्टनला परत येऊन २०५ ने सेंट पँक्रसची बाग. आईला इमारत नकोच होती. त्या मुली कुठल्या रस्त्याने चालल्या, एवढेच तिला पाहायचे आहे. वुड लेनला ट्यूबने जाणार, ते भाडे बसच्या सव्वापाचच्या मर्यादेत धरत नाहीत, तरीही खर्च २५ च्या आत बसतो.

नाना_क्रॉयडन
शनिवारी ॲबे उघडे असते. आधी ऑनलाईन वेळ घेऊन ठेवा.