पंगतीत पाहुण्यांच्या साडीवर आमटी सांडली तर नेमकं काय करायचं?

दहीबुत्ती (प्रश्न)

घरची मुंज आहे, शंभर-सव्वाशे पानं. एक पंगत हौसेने खाली बसवायची ठरली आहे आणि वाढायला घरातलीच पोरं-पोरी. म्हणजे कुणाच्या तरी मांडीवर आमटी जाणार हे धरूनच चाललेलं बरं. आत्या, मावश्या, व्याह्यांकडच्या बायका, सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत असणार. विचारलं तर एक म्हणतो लगेच साबण लाव, दुसरा लिंबू चोळ, तिसरा सोडा ओत.

जाणकारांनी नीट सांगा: पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, पैठणी असेल तर काय वेगळं, आणि त्या बाईंशी बोलायचं काय? लाँड्रीचे पैसे देऊ करावेत की तो अपमान होतो?

घडीमोड

साबण तर अजिबात नको. हळद साबणाला भेटली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. साबण, कपड्याची पावडर, खायचा सोडा ही सगळी त्याच जातीची. मांडीवर पिवळ्याचा लालभडक डाग झाला की समोरच्या बाई घाबरतात, आणि मग सगळी पंगत मान वळवून बघते. बाटलीतला सोडा ओतून साध्या पाण्यापेक्षा वेगळं काही होत नाही, फक्त डाग पसरतो.

आमटीच्या एका डागात खरं तर तीन डाग असतात: फोडणीचं तेल, डाळ आणि हळद. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून तो तेलाचा हात धरून धाग्यात शिरतो. त्यामुळे क्रम ठरलेला आहे. आधी डाळ उचलायची, मग तेल टिपायचं, हळद शेवटी.

डाळ चमच्याच्या पाठीने उचला, कडेकडून मध्याकडे. मग डागाखाली घडी केलेला रुमाल धरून वरून पांढरा कागदी नॅपकिन दाबा. रंगीत नॅपकिन नको, त्याचा रंग उतरतो. दाबा, उचला, कोरडी बाजू घ्या, परत दाबा. घासलं की तेल आत जातं आणि रेशमाचा तंतू फुलतो. ती फुललेली पांढुरकी जागा डाग गेल्यावरही दिसत राहते.

सुती साडी असेल तर उलट्या बाजूने गार पाणी सोडा. गरम नको, डाळ शिजून धाग्याला चिकटते. घरी गेल्यावर कपभर गार पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड, दहा मिनिटं, आणि स्वच्छ धुणं. तेवढ्यात थोडी लाली आली तरी चालेल, तेल निघणं महत्त्वाचं. उरलेल्या पिवळ्यावर एक चमचा व्हिनेगर तीन चमचे पाण्यात घालून लावा, पाच मिनिटांनी धुवा. साडी पांढरी असेल तर ओली असतानाच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, काचेच्या बरणीतली हळद फिकी पडते ती त्यामुळेच. एका दिवसात गेला नाही तर दोन-तीन दिवस. रंगीत साडी मात्र उन्हात घालू नका, हळदीबरोबर साडीचाही रंग जाईल.

डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही. उष्णतेने तो पक्का बसतो.

पैठणी किंवा कुठलीही जरीची रेशमी साडी असेल तर टिपण्यापर्यंतच तुमचं काम. पाणी नको, काठाचा रंग अंगात उतरू शकतो. लिंबू नको, जर काळवंडते. डागावर टाल्कम पावडरचा जाड थर द्या, घरात ती नसेल तर कॉर्नफ्लॉवर. अर्धा-एक तास ठेवून हलकेच झटका आणि दुसऱ्या दिवशी साडी ड्रायक्लीनला द्या. तिथे फक्त 'डाग आहे' म्हणून सोडू नका, 'आमटी, हळद आणि तेल' असं स्पष्ट सांगा. ड्रायक्लीनच्या द्रावणात तेल निघतं, हळद तशीच राहू शकते. तिच्यासाठी तो डाग हाताने वेगळा काढावा लागतो. कपडे पांढरे करायचं क्लोरिनचं ब्लीच रेशमाला कधीच लावू नका, धागाच विरघळतो.

ओगराळे

घडीमोड यांचं सगळं बरोबर, पण साडीच्या आधी माणूस बघा. पंगतीत आमटी चुलीवरून थेट येते. मांडीवर सांडली की पहिलं वाक्य 'भाजलं का?' हवं. साडीचं नाव नंतर. कापड अंगापासून लांब धरायला सांगा. भाजलं असेल तर आत नेऊन भिजलेलं कापड बाजूला करा आणि त्या जागेवर नळाचं गार पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काहीही नको. फोड आला तर फोडायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा. पैठणी भिजेल म्हणून थांबू नका.

आता सांडू नये म्हणून. पोरांना हे आदल्या दिवशी रिकाम्या बादलीत पाणी घेऊन करून दाखवा:

बादली अर्धीच भरायची. ओगराळं भरलं की त्याचं बूड बादलीच्या काठाला पुसायचं, कारण साडीवर पडणारा थेंब बुडाचा असतो. बादली पानाजवळ न्यायची, ओगराळ्याचा प्रवास वीतभरच. दोन माणसांच्या मधून हात घालायचा नाही, पानासमोर वाकून वाढायचं. मुलींनी ओढणी कमरेला खोचायची, मुलांनी उपरणं काढून ठेवायचं. आमटीला द्रोण नको, तो कलंडतो. जड बुडाची वाटी द्या.

आणि सगळ्यात जास्त सांडतं ते 'पुरे, पुरे' म्हणत आडव्या आलेल्या हातामुळे. त्यावर उपाय एकच, बुडवण्याआधी विचारायचं. 'आमटी वाढू?' याला उत्तर मिळाल्याशिवाय ओगराळं बादलीबाहेर काढायचं नाही. आग्रह करायचा तो जिलबीचा करा, पातळ पदार्थाचा नाही.

चिंचगूळ

बोलण्याचं मी सांगते. माफी एकदाच मागायची, मनापासून, आणि लगेच हात हलवायचे. दहा वेळा 'सॉरी सॉरी' केलं की त्या बाईंनाच तुमची समजूत घालत बसावं लागतं आणि जेवण राहतं बाजूला.

वाढणारा मुलगा असेल तर त्याने स्वतः पुसायला वाकायचं नाही. बिचारे घाबरून रुमाल घेऊन सरसावतात आणि प्रसंग आणखी अवघड करतात. नॅपकिन हातात द्यायचे आणि घरातल्या बाईला हाक मारायची. ती त्यांना आत नेईल. त्यांचं पान उचलू नका, झाकून ठेवा, नाहीतर परत येऊन बसायला जागा नाही. फोटोवाल्यालाही खूण करा.

आतल्या खोलीत एक पिशवी तयार ठेवा: फॉल-पिको केलेली एक मऊ साडी, परकर, सेफ्टी पिना, टाल्कम पावडर, पांढरे नॅपकिन. ब्लाउज बदलायचा प्रश्न येत नाही, म्हणून साडी काळी किंवा मोतिया घ्या, बहुतेक ब्लाउजांवर खपते.

पैसे पंगतीत काढूच नका. 'अहो, राहू दे, जुनीच आहे' असं त्या म्हणतील. ती रीत झाली, खरं मानून गप्प बसू नये. दुसऱ्या दिवशी घरातल्या थोरल्या बाईने फोन करावा आणि पैशांऐवजी साडीच मागावी: 'साडी पाठवा, ड्रायक्लीन करून पोचवते.' व्याह्यांकडे तर हा फोन मुलाच्या आईनेच करावा, वाढणाऱ्या पोराने नाही. साडी परत देताना डाग राहिला असेल तर आधी सांगा, घडीत लपवून देऊ नका.

दहीबुत्ती

फार उपयोगी. एक शंका: आम्ही धावत जाईपर्यंत कुणी मदतीच्या भरात साबण लावलाच, तर?

घडीमोड

सुती असेल तर काळजी नको. भरपूर गार पाण्याने साबण काढा, मग व्हिनेगरचं वर दिलेलं पाणी. लाल परत पिवळं होतं, तिथून पुढे नेहमीचं. रेशमी असेल तर आणखी पाणी घालू नका. टिपा, सावलीत वाळवा आणि लाँड्रीत साबण लागल्याचंही सांगा. डागाच्या कडेला टाका घालून चिठ्ठी लावा, टाचणी नको, तिचा गंज उतरला तर आणखी एक डाग.

ओगराळे

आणि हात धुवायच्या जागेवरचा साबण तेवढा वेळ उचलून ठेवा. पाहुणे आधी तिकडेच धावतात.