मदत हवी आहे: जुना पॉप-अप कॅम्पर, छप्पर तिरकं आणि तळ कुजलेला

रानवाटा (ओहायो):
१९९४ सालचा १२ फुटी पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, छप्पर वर उचलून कॅनव्हासच्या भिंतींचा तंबू होणारा ट्रेलर) स्वस्तात मिळालाय. हँडल फिरवल्यावर छप्पर वर जातं, पण मागचा उजवा कोपरा तीन-चार इंच खालीच राहतो. दाराजवळ पाय ठेवला की तळ दबतो. कॅनव्हासवर काळे ठिपके आहेत, एका शिवणीतून उजेड दिसतो. टायर दिसायला चांगले आहेत. डावा इंडिकेटर दिला की मागचे दोन्ही दिवे मंद लुकलुकतात. मेमोरियल डेच्या (मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या) सुट्टीत बाहेर काढायचा बेत आहे. तोवर आतला रंग आणि पडदे उरकून घेऊ का?

पाना_पक्कड:
रंग-पडदे सगळ्यात शेवटी. तळ बदलताना आतली कपाटं काढावी लागतील, मग केलेला रंग फुकट.

आधी छप्पर. साधारणपणे विंचची (हँडल फिरवून केबल गुंडाळायच्या यंत्राची) मुख्य केबल तळाखालच्या एका आडव्या पट्टीला ओढते आणि तिथून चार केबल चार कोपऱ्यांना जातात. एकच कोपरा मागे राहतो तेव्हा तीन शक्यता: त्या कोपऱ्याचा खांब जाम झालाय, पुली फिरत नाही किंवा केबल ताणली गेलीय. स्वस्त इलाज आधी. चारही खांब कोरड्या फडक्याने पुसा, सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा, छप्पर दोन-तीनदा वरखाली करा. ग्रीस किंवा तेल अजिबात नको, धूळ धरून खांब आणखी अडकतात. तरीही कोपरा खालीच राहिला तर छप्पर पूर्ण खाली आणून, केबल सैल असताना, त्या केबलचा जुळवणीचा नट अर्धा-अर्धा फेरा आवळत जा.

केबलवरून जाड फडकं फिरवा. धागा अडकला म्हणजे तार तुटलीय, आणि तुटायला लागली की चारही बदला; सगळ्यांचं वय तेच. हँडल जड लागायला लागलं की थांबायचं. आणखी एक फेरा मारायचा मोह होतो आणि केबल तिथेच तुटते.

टू-बाय-फोरचे (साधारण दोन बाय चार इंची लाकडाचे) चार टेकू पूर्ण उंचीचे कापून कोपऱ्यांत लावल्याशिवाय छपराखाली डोकं घालू नका. नुसत्या केबलच्या भरवशावर तर नाहीच.

सुतारपक्षी:
तळाबद्दल. स्क्रूड्रायव्हर घेऊन फूट-फूट अंतरावर टोचत जा. जिथे तो सहज आत जातो त्याच्या बाहेर आणखी सहा-आठ इंच लाकूड ओलं निघतं, हे धरून चाला. काप असा घ्या की नव्या-जुन्या प्लायवूडचा सांधा खालच्या लोखंडी आडव्या पट्टीवर येईल. अधांतरी सांधा पहिल्या खड्ड्यात हलायला लागतो. जाडी जुनी मोजून तेवढीच घ्या, बाहेरच्या वापराचं प्लायवूड घ्या. प्रेशर-ट्रीटेड (दाबाखाली रसायन मुरवलेलं) नको, त्यातली तांब्याची रसायनं अ‍ॅल्युमिनियम गंजवतात. खालच्या बाजूला ऑइलपेंटचे दोन हात, कडांना तीन. पाणी कडेतूनच शिरतं.

पण पाणी आलं कुठून? बहुधा दाराची चौकट किंवा कोपऱ्याची पट्टी. ती उघडा, जुनं सगळं खरवडा, ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा बसवा. सिलिकॉन कॉकिंग (फटी बुजवायचा लेप) लावू नका. एकदा लागलं की त्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही.

रानवाटा:
धन्यवाद दोघांनाही! कॅनव्हासवरची बुरशी ब्लीचने काढली तर चालेल ना?

सुतारपक्षी:
नको. ब्लीचने शिवणीचा दोरा कमकुवत होतो आणि पाणी अडवणारा थरही जातो. पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग, मऊ ब्रश. अर्धा तास ठेवून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. वास जाईल, डाग थोडे राहतील, ते राहू द्या. उसवलेली शिवण पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने जुन्याच भोकांतून घाला आणि वरून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा द्रव) लावा.

हायवेवाला:
टायर दिसण्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांहून जुने असतील तर बदला, तेही 'एसटी' (स्पेशल ट्रेलर), म्हणजे खास ट्रेलरचे टायर.

चाकांचे बेअरिंग काढून धुवा. निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग आणि बाहेरची रेस (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) दोन्ही नवीन. ग्रीस वरून फासायचं नाही, तळहातावर घेऊन रोलरच्या मधून दाबत भरायचं. चाक फिरवत नट आवळा, सैल करा, मग फक्त बोटांनी घट्ट करा. सील आणि कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घालायची दुमडती पिन) नवीच. चाकाचे नट ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

दिवे लुकलुकण्याचं कारण जवळजवळ नक्कीच खराब ग्राउंड (वीज परत जायची जोडणी). गाडी आणि ट्रेलरमधल्या चार पिनांच्या जोडणीत पांढरी तार ग्राउंड, तपकिरी टेललाइट, पिवळी डावी, हिरवी उजवी. पांढरी तार ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला जिथे जोडलीय तिथला रंग आणि गंज घासून चकचकीत करा, नवीन रिंग टर्मिनल (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावा.

गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर सरळ नवीन घ्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मागे मुदत छापलेली असते, ती बघा.

पाना_पक्कड:
हायवेवाल्यांशी सहमत. रानवाटा, मेमोरियल डेला निघण्याआधी ड्राइव्हवेमध्ये उघडून पाण्याचा पाइप मारा, एक जण आत बसवून. खालून सुरू करून हळूहळू वर या. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती कुठली ते कळत नाही.