सहा नंबरला मार्क कशाचे देता?

रावपुरा_सहा
परवा इथे एकाने लिहिलं, "मिडफिल्डरचे गोल आणि असिस्ट (गोल घडवणारे पास) मोजा, विषय संपला. २०२४ चा बॅलन डी'ऑर विनिशियसचा होता, रॉड्रीला दिला ही लूट आहे." बॅलन डी'ऑर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस; विनिशियस गोल करणारा फॉरवर्ड, रॉड्री सहा नंबर. जेवताना वाचलं आणि घास हातातच राहिला. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बारा वर्षं सहा नंबर खेळलो, म्हणजे बचावफळीच्या पुढ्यात उभा राहणारा मिडफिल्डर. त्या जागेवरचं निम्मं काम बॉल पायाशी नसताना चालतं. समोरचा दहा नंबर, म्हणजे हल्ला रचणारा मिडफिल्डर, जिथे बॉल मागणार, तिथे आपण आधीच जाऊन उभं राहायचं. मग तो पास येतच नाही. न आलेला पास कुठल्या रकान्यात लिहिणार? घसरून टॅकल मारला की लोक टाळ्या वाजवतात, पण बऱ्याचदा टॅकलची वेळ आली म्हणजे दोन सेकंद आधी जागा चुकलेली असते.

२००३ मध्ये रिआल माद्रिदने बेकहॅम आणला आणि त्याच उन्हाळ्यात आपला सहा नंबर माकेलेले चेल्सीला विकला. रिआलने ला लिगा, म्हणजे स्पेनची लीग, नुकतीच जिंकली होती, पुढची मिळायला २००७ उजाडलं. चेल्सी २००५ मध्ये ५० वर्षांनी इंग्लंडचे चॅम्पियन झाले. माकेलेलेने गोल किती केले हे तेव्हा कोणी विचारलं का?

दांडियाबाजार_९
तुम्हा सहा नंबरवाल्यांचं हे नेहमीचंच. काम दिसत नाही म्हणायचं आणि श्रेय मात्र पूर्ण मागायचं. चेल्सीने त्या सीझनला लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले, ते माकेलेले एकट्यामुळे? गोलमध्ये चेक होता, मागे टेरी होता, बाहेर मोरिन्हो होता.

आणि रॉड्री. २०२४ च्या युरो फायनलला हाफटाइमला बाहेर गेला तेव्हा ०-० होतं. स्पेनचे दोन्ही गोल त्यानंतर झाले, २-१ ने जिंकले. त्याच्यावाचून अडतं म्हणता ना? कुठे अडलं?

रावपुरा_सहा
त्याच्या जागी कोण आला ते का गाळलंस? सुबिमेंदी. तोही त्याच जागेचा माणूस. काम तेच राहिलं, माणूस बदलला. रॉड्रीच्या क्लबकडे, मँचेस्टर सिटीकडे, तसा दुसरा नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉड्रीचा गुडघा गेला आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून ओळीने पाच सामने हरले.

दांडियाबाजार_९
तेव्हा सिटीचे बचावपटू डियास आणि स्टोन्सही जखमी होते. तेही लिही की.

रावपुरा_सहा
होते. मान्य. पण एवढ्याने पाचच्या पाच पराभव समजत नाहीत.

मांडवीकर
तुम्ही दोघं अजून "कोण आल्यावर काय झालं" यातच अडकलात. आता प्रत्येक पासची नोंद होते. २०२४ च्या युरोतला जर्मनीचा स्कॉटलंडविरुद्धचा पहिला सामना घ्या. जर्मनीचा मिडफिल्डर क्रूस, त्याचे १०२ पैकी १०१ पास बरोबर. याच्यावर काय बोलायचं राहिलं?

दांडियाबाजार_९
स्कॉटलंड हाफटाइमच्या आधीच दहा जणांवर आलं होतं. दाब टाकायला माणूस कुठे होता?

रावपुरा_सहा
पहिल्यांदाच तुझं पटलं. क्रूस मोठाच, पण टक्केवारीवरून नव्हे. सेंटर बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) मागे बॉल देत राहिलं की ९५ टक्के कोणालाही मिळतात. पास गेल्यावर समोरचे किती जण मागे सुटले ते बघ. आणि प्रशिक्षकाने काय सांगितलं होतं तेही बघ. ज्याला जागा धरून राहायला सांगितलंय त्याला "पुढे गेला नाही" म्हणून पाच मार्क देणं अन्याय आहे.

अलकापुरी_काका
मुलांनो, टेस्टमध्ये एका टोकाने जो मेडनवर मेडन टाकतो त्याच्यामुळे दुसऱ्या टोकाला विकेट पडते. बडोद्यात वाढलेल्याला हे वेगळं समजवावं लागू नये.

मांडवीकर
काका, राग मानू नका, पण प्रत्येक गोष्टीत क्रिकेट कशाला? कोटंबीला क्रिकेटचं एवढं मोठं स्टेडियम झालं. आम्ही पोलो ग्राउंडवर सकाळी साडेसहाला बॅगांचे गोल मांडतो आणि सातला स्टंप घेऊन लोक येतात. मधोमध पीच. मिडफिल्ड शिकायला मैदानाचा मधला भाग लागतो, तोच आमच्याकडे नाही! कडेकडेने धावून विंगरच तयार होणार.

अलकापुरी_काका
स्टंप घेऊन येणारी पोरं बाहेरची आहेत का? त्यांनाही मैदान नाही. मी पाच वर्षं भिंतीलगत बॉलिंग केली आहे. उगाच तोडून बोलू नकोस.

मांडवीकर
तोडून बोललो, चुकलं. पण आमची जागा गेली ती गेलीच.

दांडियाबाजार_९
मधल्या भागाचं खरं आहे. आमच्या टीममधले तीन चांगले सेंट्रल मिडफिल्डर याच कारणाने टीम सोडून गेले. आता कोणी त्या जागेवर उभंच राहायला तयार नाही.

सुरसागर_आई
माझी लेक चौदा वर्षांखालच्या संघात सहा नंबर. मागच्या स्पर्धेत तीन सामने झाले, तिचा गोल एकही नाही. बक्षीस अर्थातच गोल करणारीला. त्या मुलीबद्दल तक्रार नाही, छान खेळते. पण मला राहवलं नाही. शेवटच्या सामन्यात मी बॉल बघायचाच नाही असं ठरवलं. फीच्या पावतीमागे पेनाने खुणा करत फक्त लेकीला बघितलं. बॉल यायच्या आधी मान वळवून खांद्यामागे पाहिलं की एक उभी रेघ. पहिल्या हाफमध्ये ३१ रेघा झाल्या. नंतर सरांनी तिला दहा मिनिटं विंगला पाठवलं. तेवढ्यात दोन गोल खाल्ले, दोन्ही मधून आले.

घरी जाताना स्कूटरवर तिला पावती दाखवली. म्हणाली, "आई, दोनदा मला उशीर झाला, ते लिहिलं नाहीस." कुठे आणि कसा, तेही सांगितलं. मला एकही दिसला नव्हता.

दांडियाबाजार_९
ताई, हे मला पटलं. चूकही मोजता येत असेल तर मार्क देता येतात. रावपुराच्या म्हणण्यात चूक कुठे धरायची तेच नव्हतं, सगळं कौतुकच. तरी गोल करणं सगळ्यात कठीण, यावरून मी हलणार नाही.

रावपुरा_सहा
नको हलूस. रविवारी आमची मॅच आहे, ये. त्यांचा सहा नंबर तू बघ, आमचा मी बघतो. दोघांनी फक्त जागा चुकलेली लिहायची. गोलच्या मागे उभे राहू, कडेने ते अंतर कळत नाही.

दांडियाबाजार_९
येतो. आपल्या माणसाला सूट देऊ नकोस.

मांडवीकर
रविवारी पोलो ग्राउंडवर टेनिस बॉल क्रिकेटची टूर्नामेंट आहे. शनिवारी सहाला ठेवा.