सुपरचार्जर 'कालबाह्य' म्हणे!

रॅम_एअर: विमानाच्या इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपांबद्दल, म्हणजे सुपरचार्जर आणि टर्बोबद्दल, कालची पोस्ट अशी: "सुपरचार्जर इंजिनाच्या मुख्य दांड्याची, क्रँकशाफ्टची ताकद खातो. टर्बो वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर फुकट चालतो. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश मर्लिन इंजिन बनवणाऱ्यांना टर्बो जमला नाही, इतकंच."

जमला नाही? मर्लिन 60 मालिकेत दोन टप्प्यांचा, दोन वेगांचा सुपरचार्जर होता, जोडीला दाबून तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. 1942 मध्ये तो ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरच्या मार्क 9 मध्ये आला आणि जर्मन फोके-वुल्फ 190 पुढे आधीच्या मार्क 5 ची चाललेली फरफट थांबली. आणि फुकट कसलं? मर्लिनचे एक्झॉस्ट स्टब, म्हणजे धूर सोडणाऱ्या आखूड नळ्या, मागे वळवलेले असत, त्या झोताचा पुढे ढकलणारा थ्रस्ट मिळायचा. टर्बो लावलात की तो बहुतेक गेला, वर एक्झॉस्ट अडल्याचा उलटा दाब, बॅकप्रेशर. अमेरिकन लढाऊ विमान पी-47 चा टर्बो पार मागे, पोटातून नळच नळ. उगाच नाही ते विमान एवढं धिप्पाड.

वेस्टगेट: पोस्ट माझीच. तेच धिप्पाड विमान 25,000 फुटांवर 2,000 अश्वशक्ती देत होतं. तुमचा सुपरचार्जर कमी उंचीवर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, अर्धवट मिटून बसतो, तरी ताकद खातोच.

रॅम_एअर: पी-47 च्या इंजिनात गिअरवर चालणारा सुपरचार्जरही होता, टर्बोच्या जोडीला. हे सोयीस्कर विसरलात.

तेलकट_हात: फुकटवाल्यांनी ओव्हरहॉलचं बिलही सांगावं. उतरल्यावर पाच मिनिटं आयडलवर न ठेवता बंद केलेले टर्बो मी उघडलेत. बेअरिंगमध्ये तेलाचा नुसता कोळसा.

लीन_ऑफ_पीक: पुन्हा ती पाच मिनिटं! उतरायला येताना, अप्रोचला, पॉवर कमीच असते, जमिनीवर टॅक्सी करत पार्किंगला येईपर्यंत टर्बो निवलेला असतो. उभ्या उभ्या फिरवलात तर इंजिनाच्या झाकणात, काउलिंगमध्ये हवाच लागत नाही, उलट तापतो.

तेलकट_हात: पुस्तकी ज्ञान. हात घालून बघा कधी.

लीन_ऑफ_पीक: तुमच्याकडे बिघडलेलेच येतात हो! धडधाकट टर्बो कोण कशाला उघडायला आणेल? मी वर्षानुवर्षं टॅक्सी संपली की मिक्श्चर ओढून इंजिन बंद करतो. टर्बो शाबूत आहे.

तेलकट_हात: नशीब म्हणा. धावपट्टीच्या तोंडाशीच पार्किंग असलेला तुमचं ऐकेल आणि माझ्याकडे येईल.

लीन_ऑफ_पीक: टॅक्सीच नसेल तर थांबावं, एवढं देतो. आणि हँडबुकात लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. पण सरसकट पाच मिनिटं हा मंत्र आहे, इंजिनिअरिंग नाही.

वेस्टगेट: धागा सुपरचार्जरचा होता. असो. मर्लिनला टर्बो न लावणं शहाणपणाचं होतं, घ्या, व्हा खूश. पण आज नव्या विमानांच्या इंजिनांत टर्बोच जास्त दिसतो, त्याचं काय?

रॅम_एअर: कारण आज कोणाला डॉगफाइट करायची नाही, आणि आता टर्बोकडे किती एक्झॉस्ट जावा हे ठरवणारी झडप, वेस्टगेट, कंट्रोलर सांभाळतो. तेव्हाच्या पायलटला विचारलं असतंत, तर शिव्या खाल्ल्या असत्या.

तेलकट_हात: कंट्रोलर पण आमच्याकडेच येतात.